एक अंतर, दोन वेळा : प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

धाकट्याने रात्री सहज विचारलं, ताई, सिंगापूर ते न्यूयॉर्क थेट विमानाला किती तास लागतात? तीन ठिकाणी पाहिलं. एकीकडे सतरा तास आणि वर काही मिनिटं, दुसरीकडे पावणेएकोणीस, तिसरीकडे वीसच्याही पुढे. गंमत म्हणजे अंतर तिघांचंही जवळपास सारखंच. अंतर एक असताना वेळेत तीन तासांची तफावत येतेच कशी, या प्रश्नाने झोप उडाली.

तर ठरलं. आपणच एक छोटं साधन लिहायचं : दोन विमानतळांचे कोड टाकायचे, अंतर आणि उड्डाणवेळ मिळवायची. गणित आणि डेटा माझ्याकडे, नकाशा आणि पडदा धाकट्याकडे. शनिवार-रविवारात होऊन जाईल.

(नंतरची टीप : वरचं शेवटचं वाक्य मुद्दाम खोडलेलं नाही.)

१३ सप्टेंबर, शनिवार

विमानतळांची यादी अवरएअरपोर्ट्सच्या खुल्या संचातून उतरवली. प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश त्यात आहेत. हा बिंदू म्हणजे टर्मिनलचं दार नव्हे. तो विमानतळाचा संदर्भबिंदू असतो, साधारणपणे धावपट्ट्यांच्या भौमितिक मध्यावर धरलेला. म्हणजे 'विमानतळ ते विमानतळ' या अंतरातच एक-दोन किलोमीटरचा सैलपणा आधीपासून आहे. हे आत्ताच लिहून ठेवते, पुढे दशांश चिन्हांवरून वाद होणार आहे.

सूत्र हॅवरसाइनचं. पृथ्वी गोल धरायची, त्रिज्या ६,३७१ किमी, आणि दोन बिंदूंमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलावरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, लहान कंस मोजायचा. कोनाच्या कोसाइनवरून थेट कोन काढायचं साधं सूत्रही आहे, पण बिंदू अगदी जवळ असले की कोसाइन १ ला चिकटतो आणि संगणकाच्या अपूर्णांकांत बारीक फरक हरवतो. हॅवरसाइनला तो त्रास नाही.

पहिलं उत्तर भलतंच आलं, कारण अंशांचे रेडियन करायचे राहिले होते. दर वेळी राहतात.

मग नीट :
सिंगापूर, १.३५०२ उत्तर, १०३.९९४४ पूर्व.
न्यूयॉर्क जेएफके, ४०.६३९८ उत्तर, ७३.७७८९ पश्चिम.
रेखांशांतला फरक १७७.७७ अंश. पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन १३७.९६ अंश. अंतर १५,३४० किमी.

रेखांशांचा फरक जवळजवळ १८० आहे, म्हणजे एक शहर दुसऱ्याच्या जवळपास पाठीमागच्या रेखांशावर. अशा वेळी जवळची वाट डोक्यावरून जाते. सिंगापूरहून निघताना दिशा उत्तरेपासून पश्चिमेला जेमतेम अडीच अंश, आणि सर्वांत वरचा टप्पा ८७.५ अंश उत्तर, म्हणजे ध्रुवापासून साधारण २८० किमीवर. भिंतीवरच्या नकाशात याचा पत्ताही लागत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

नामिबियाची राजधानी विंडहुक गायब. कोड टाकला की विमानतळ सापडतो, देश मात्र रिकामा.

तासभर शोधल्यावर कळलं : नामिबियाचा देश-कोड 'एनए', आणि पांडाज (पायथॉन या संगणकभाषेत तक्ते वाचायचं साधन) ही अक्षरं वाचून 'इथे काही नाही' असं समजतं. एवढ्यावर भागलं नाही. त्याच संचात उत्तर अमेरिका खंडाचा कोडही 'एनए'च आहे. म्हणजे एका फटक्यात अख्खा उत्तर अमेरिका खंडाविना. फाइल वाचतानाच 'रिकाम्याचे ठरीव शब्द मानू नकोस' असं सांगितलं, सगळे परत आले. दुरुस्ती एका ओळीची, शोध एका संध्याकाळचा.

दुसरी भानगड खास आपल्या लिपीची. शहराचं नाव देवनागरीत टाकून शोधता यावं हा धाकट्याचा हट्ट. 'सिडनी' टाकलं तर तीन आले : ऑस्ट्रेलियातलं एसवायडी, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधलं वायक्यूवाय आणि अमेरिकेतल्या मॉन्टानामधलं एसडीवाय. रोमन लिपीत तिसऱ्याचं स्पेलिंग तरी वेगळं आहे, देवनागरीत तिघंही तंतोतंत सारखे. 'सॅन होजे'चंही तेच, एक कॅलिफोर्नियात आणि एक कोस्टा रिकात. आता यादीत प्रत्येक नावापुढे देश आणि कोड दोन्ही दिसतात, आणि एकाहून जास्त निघाले तर आपण होऊन एकही निवडायचा नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गोल पृथ्वीवरून लंबगोल पृथ्वीवर. विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८.१३७ किमी, ध्रुवाकडची ६,३५६.७५२ किमी. एकवीस किलोमीटरचा चपटेपणा. गोल धरल्याने येणारी चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या घरातली. सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३४० चं १५,३४९ झालं.

यासाठी आधी विन्सेंटीचं १९७५ मधलं सूत्र बसवलं. छान चाललं. मग मुद्दाम खोडी काढली : पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असलेले दोन विमानतळ आहेत का? आहेत की. इंडोनेशियातलं पालेंबांग आणि कोलंबियातलं नेइवा. पालेंबांगच्या धावपट्टीतून पृथ्वीच्या मध्यातून सुई आरपार घातली, तर ती नेइवाच्या विमानतळापासून सहा किलोमीटरच्या आत बाहेर येईल.

ही जोडी टाकली आणि साधन गोल गोल फिरत बसलं. विन्सेंटीचं सूत्र टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जातं, पण बिंदू जवळजवळ समोरासमोर असले की ते कुठे पोचतच नाही. सूत्राची ही जुनी, माहितीतली खोड. हॅवरसाइनलाही इथे जपावं लागतं : वर्गमुळातला आकडा अपूर्णांकांच्या बारीक चुकीने १ च्या किंचित वर गेला तर उत्तरच येत नाही.

गोलावर समोरासमोरच्या बिंदूंना कुठूनही जा, अंतर तेवढंच : २०,०१५ किमी. लंबगोलावर तसं नाही. विषुववृत्तावरून अर्धी फेरी २०,०३७ किमी, ध्रुवावरून अर्धी फेरी २०,००४ किमी. म्हणजे पालेंबांगहून नेइवाला जायची सर्वांत जवळची वाट ध्रुवाकडून, मग दोन्ही गावं विषुववृत्ताजवळ का असेनात. हे लक्षात आल्यावर उगाचच घरभर सांगत सुटले. कोणालाही फरक पडला नाही.

विन्सेंटी काढून कार्नीची २०१३ मधली पद्धत बसवली, ती समोरासमोरच्या बिंदूंनाही अडखळत नाही. जिओग्राफिकलिब नावाच्या कोडसंचात तयार मिळते. चाक पुन्हा घडवायची हौस इथे संपली.

२० सप्टेंबर, शनिवार

दशांशांचा वाद झाला. धाकट्याला पडद्यावर '१५,३४९.१७' असं काहीतरी हवं होतं, 'अचूक वाटतं' म्हणून. त्याला हिशेब मांडून दाखवला : विमान जमिनीवरून जात नाही, अकरा किलोमीटर वरून जातं. त्या उंचीवर हाच कंस साधारण २६ किमीने लांब होतो. संदर्भबिंदूचा सैलपणा वेगळा. विमान कोणत्या धावपट्टीवरून कोणत्या दिशेला उडालं आणि कुठून वळलं ते आणखी वेगळं. सव्वीस किलोमीटर सोडून दिल्यावर सतरा शतांश कसले दाखवायचे? दहाच्या पटीत पूर्ण करून दाखवायचं ठरलं. नाराजीने का होईना, मान्य झालं.

२१ सप्टेंबर, रविवार

"ताई, रेष नकाशाबाहेर गेली."

खरंच गेली होती. वेबवरचे नेहमीचे नकाशे मर्केटर प्रक्षेपणाचे (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक रीत) असतात आणि ८५.०५ अंशांवर कापलेले असतात, कारण त्या प्रक्षेपणात ध्रुव अनंतावर जातो. आपली वाट ८७.५ पर्यंत चढते. त्यामुळे सिंगापूरहून निघालेली रेष वरच्या कडेला नाहीशी होते आणि भलत्याच ठिकाणाहून खाली उतरते. चूक कोडमध्ये नव्हती, नकाशातच तेवढी पृथ्वी नव्हती.

दुसरी चूक मात्र आमचीच. फिजीमधल्या नांदीहून होनोलुलूची वाट काढली तर रेष पॅसिफिक सोडून आफ्रिकेवरून जाऊन आली. १८० रेखांश ओलांडताना +१७९ चं −१७९ होतं, आणि चित्र काढणारं बिचारं दोन बिंदू जोडायला जगाला वळसा घालतं. तिथे रेष तोडून दोन तुकडे करावे लागतात.

शेवटी धाकट्याने सपाट नकाशा बाजूला ठेवून फिरवता येणारा गोल बसवला. मला वाटलं होतं ही निव्वळ सजावट होणार. पण गोल फिरवून वाट डोळ्यांनी पाहिल्यावर 'असं ध्रुवावरून का?' हा प्रश्न कोणी विचारेनासं झालं.

२८ सप्टेंबर, रविवार

आज सकाळपासून ऑकलंडच्या सगळ्या वेळा तासाने चुकल्या. काल बरोबर होत्या.

न्यूझीलंडने पहाटे घड्याळं पुढे केली. मी वेळेचे फरक एका तक्त्यात कायमचे लिहून ठेवले होते, ऑकलंड अधिक १२ असं. आता ते अधिक १३. तक्ता फेकला आणि आयएएनए या संस्थेचा टाइम झोन डेटा (कुठे, कधी, किती घड्याळ बदलतं याची नोंद) लावला, जो मुळात पहिल्याच दिवशी लावायला हवा होता.

समजायला सोपं म्हणून एकच उदाहरण लिहून ठेवते. ऑकलंड ते लॉस एंजेलिस, सुमारे १०,४८० किमी, समजा बरोबर बारा तासांचं उड्डाण, रात्री आठला सुटणारं :

कालपर्यंत : पोचणार त्याच दिवशी दुपारी एकला.
आजपासून : त्याच दिवशी दुपारी बाराला.
२ नोव्हेंबरपासून, अमेरिकेची घड्याळं मागे गेल्यावर : सकाळी अकराला.

विमान तेच, वारा तोच, बारा तास तेच. पाच-सहा आठवड्यांत तिकिटावरच्या पोचण्याच्या वेळा तीन. आणि तिन्ही वेळा माणूस निघण्याच्या 'आधी' पोचतो. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून उड्डाणवेळ काढणारे इथेच फसतात. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगाच्या एकाच प्रमाणवेळेत, आणायच्या, मग वजाबाकी.

३० सप्टेंबर, मंगळवार

चाचणीसाठी याहून भारी जोडी सापडली : सामोआतलं अपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. विमानतळांमधलं अंतर दीडशे किलोमीटर, घड्याळांत फरक बरोबर २४ तासांचा. सामोआने व्यापाराच्या सोयीसाठी तारखेची रेषा ओलांडली तेव्हा ३० डिसेंबर २०११ हा दिवस तिथे उगवलाच नाही. आता अपियाहून सोमवारी निघालात की पागो पागोला रविवारी उतरता, आणि घड्याळात मात्र प्रवासाचीच मिनिटं पुढे गेलेली. आमच्या साधनाने उड्डाणवेळ उणे तेवीस तास दाखवली. दुरुस्त केलं. उणे उत्तर पडद्यावर येणारच नाही अशी चाचणीही टाकली.

४ ऑक्टोबर, शनिवार

आता वेळ. मूळ प्रश्न तोच होता, पण त्याला हात लावायला तीन आठवडे गेले.

पहिला कच्चा नियम : अंतराला ताशी ९०० ने भागा, वर अर्धा तास घाला. वेग आकाशातून पडलेला नाही. मोठी जेट विमानं ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटरवर, उणे ५६.५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटर, म्हणजे ताशी १,०६२ किमी. त्याच्या ०.८५ पट ९०३. छोटी जेट ०.७८ च्या आसपास, म्हणून ताशी ८२८.

सिंगापूर–न्यूयॉर्क : १५,३४९ भागिले ९०३, सतरा तास. अधिक अर्धा, साडेसतरा. वेळापत्रक पावणेएकोणीसच्या आसपास सांगतं. सव्वा तास कुठे गेला?

उलट टोकाला तपासावं म्हणून स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधली वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे जोडी टाकली. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण, २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. माझं सूत्र म्हणालं, तीस मिनिटं. तेवढ्या वेळात ते विमान कित्येकदा जाऊन-येऊन करेल. ३०० किमीच्या खाली वेळ दाखवायचीच नाही, असं ठरवून तो विषय बंद केला. हे साधन लांबच्या जोड्यांसाठी आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या काकांकडे गेले. निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर. वैमानिक विमानात बसायच्या आधी त्याचा मार्ग, इंधन, पर्यायी विमानतळ हे सगळं मांडणारा माणूस. चहा होईपर्यंत माझं सूत्र त्यांनी शांतपणे वाचलं.

"अगं, हे भूमितीचं उत्तर आहे. कंपनीचं नाही." मग कागद ओढला आणि लिहू लागले.

पहिलं, तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लागेपर्यंत. त्यात पुशबॅक (विमान गेटपासून मागे ढकलणं), टॅक्सी (विमानाने जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं), धावपट्टीपाशी रांग, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं हे सगळं आलं. हवेतली वेळ त्याहून कमी. माझा अर्धा तास चढणं-उतरणं आणि टॅक्सी या दोन्हींना मिळून तोकडा, चाळीस मिनिटं धर म्हणाले.

दुसरं, बृहद्वृत्तावरून कोणी जात नाही. हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रं, वादळं, प्रत्येक देशाचे प्रवेशबिंदू, यामुळे वाट लांबते. त्यांनी पाच टक्के धरायला सांगितलं. घरी येऊन पडताळून पाहिलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने लंडन–सिडनी थेट चाचणी-उड्डाण केलं होतं : थेट अंतर १७,०१६, प्रत्यक्ष कापलेलं सुमारे १७,८०० किमी, वेळ १९ तास १९ मिनिटं. वाढ साडेचार टक्क्यांच्या वर. त्याआधीच्या महिन्यातलं न्यूयॉर्क–सिडनी उड्डाण मात्र १६,०१३ ऐवजी सुमारे १६,२०० मध्येच उरकलं, १९ तास १६ मिनिटांत. खाली नुसता महासागर असला की वाट सरळ मिळते, असा माझा तर्क.

नवा हिशेब : १५,३४९ गुणिले १.०५, भागिले ९०३, अधिक चाळीस मिनिटं. साडेअठरा तास. वेळापत्रकाच्या पाव तास जवळ! पर्थ–लंडन, १४,४९९ किमी, तसंच केलं तर साडेसतरा, तेही वेळापत्रकाशी जुळतं.

मी खुशीत उठले तर काका म्हणाले, "थांब. तिसरं सगळ्यात मोठं. वारा तर आपण अजून घेतलाच नाही."

११ ऑक्टोबर, शनिवार

वारा.

मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो, म्हणजे नेमका विमानांच्याच मजल्यावर. हिवाळ्यात जास्त जोरात. पूर्वेला जाणारं विमान त्यात बसतं, पश्चिमेला जाणारं त्याला टाळतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूयॉर्क–लंडन, ५,५४० किमी. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा वादळाच्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापून गेलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३२७ किमीपर्यंत चढला होता. हा आकडा ध्वनीच्या वेगापेक्षा मोठा दिसतो, पण विमानाने ध्वनीची भिंत ओलांडली नाही. ते ज्या हवेत होतं ती हवाच पळत होती.

मला आधी वाटायचं, वारा जाताना मदत करतो, येताना तेवढाच त्रास देतो, फिटंफाट. म्हणून गोल आकडे घेऊन कागदावर केलं. विमानाचा वेग ९००, वारा १०० :

वारा नसताना : जाताना ६ तास ९ मिनिटं, येतानाही तेवढीच. एकूण १२:१९.
वारा असताना : जाताना १,००० च्या वेगाने ५:३२. येताना ८०० च्या वेगाने ६:५५. एकूण १२:२७ च्या किंचित वर.

फिटत नाही. कारण साधं आहे, विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटाही जास्त वेळ होत राहतो. स्थिर वाऱ्यात जाऊन-येऊनचा प्रवास बिनवाऱ्याच्या प्रवासापेक्षा नेहमी लांबतोच. नदीत होडी वर-खाली नेण्याचं शाळेतलं गणित. तेव्हा मार्क मिळाले होते, अर्थ आज कळला.

मग काकांनी सांगितलेली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. जवळची वाट सुमारे १२,३८० किमी. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून, साधारण १३,९०० किमी जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच उड्डाण उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं आणि वेळ लागला साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन लवकर पोचले! भागाकार केला : सरासरी ताशी १,०५५. संपूर्ण वाटभर वारा पाठीशी होता.

म्हणजे जवळची वाट आणि लवकरची वाट या दोन वेगळ्या वाटा आहेत. माझं साधन आजवर पहिलीच शोधत होतं आणि दुसरीचं उत्तर देत होतं.

निर्णय : अंतर एकच दाखवायचं, वेळा दोन. 'जाताना' आणि 'येताना'. प्रत्येकीला कमी-जास्त अशी मर्यादा. तीस ते साठ अक्षांशांत, उत्तरेला आणि दक्षिणेलाही, पश्चिमेचा ताशी १०० किमी वारा धरला. ढोबळ आहे. गाव पूर्वेला असेल तर वारा पाठीशी, पश्चिमेला असेल तर तोंडावर.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हेलसिंकी–टोकियोने सूत्र साफ झोपवलं. थेट अंतर ७,८०० किमीच्या आसपास. माझं उत्तर साडेनऊ-दहा तासांचं. सध्याचं वेळापत्रक तेराच्या आसपास.

२०२२ च्या फेब्रुवारीपासून रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद आहे, आणि या दोन शहरांमधली जवळजवळ सगळी सरळ वाट रशियावरूनच जाते. फिनएअरने मग जाताना उत्तर ध्रुवावरून वळसा घेतला. हे वाचताना कळलं की १९८३ मध्ये याच कंपनीने हाच प्रवास पहिल्यांदा विनाथांबा केला तेव्हाही वाट ध्रुवावरूनच होती, कारण तेव्हा ते आकाश सोव्हिएत संघाचं होतं. तेव्हा डीसी-१०, आता ए३५०, मधे चार दशकं, आणि वेळ पुन्हा तेराच तास.

दुसरी अडचण दोन इंजिनांची. अशा विमानाने एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोचता येईल इतपतच दूर जायचं, हा ईटॉप्सचा नियम. सिडनी–सँटियागो, ११,३४० किमी, याची जवळची वाट ६२ अंश दक्षिणेपर्यंत उतरते. तिथे खाली उतरायला काय आहे? पाणी आणि बर्फ. म्हणून अशा वाटांवर पूर्वी चार इंजिनांची विमानं असायची. बोइंग ७८७ ला २०१४ मध्ये ३३० मिनिटांची परवानगी मिळाल्यावर चित्र बदललं.

बंद आकाशांची यादी साधनात घालायची का? धाकटा हो म्हणाला, मी नाही म्हटलं. ही यादी एका रात्रीत बदलते आणि शिळी यादी न दिलेल्या यादीपेक्षा वाईट. त्याऐवजी वाट ज्या देशांवरून जाते त्यांची नावं दाखवायची. बाकी माणूस बातम्या वाचतोच.

२६ ऑक्टोबर, रविवार

युरोपची घड्याळं मागे गेली, विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रकही आजच लागू झालं. आमचं काहीही मोडलं नाही. एवढंच लिहायला ही नोंद.

२ नोव्हेंबर, रविवार

बोलायला नको होतं. आज अमेरिकेची घड्याळं मागे गेली आणि मायामी–न्यूयॉर्क मोडलं. एकाच टाइम झोनमधलं, साडेसतराशे किमीचं, सगळ्यात साधं उड्डाण.

चाचणी अशी : मध्यरात्रीनंतर १२:३० ला निघा, २:३० ला पोचा. मधे एक ते दोन हा तास दोनदा येतो, म्हणून खरी वेळ तीन तास. साधन म्हणालं दोन. पायथॉनमध्ये दोन वेळांना एकच टाइम झोन चिकटवलेला असेल, तर वजाबाकी होते ती नुसत्या घड्याळाच्या काट्यांची, झोनकडे तो बघतही नाही. झोन वेगळे असतील तरच यूटीसीत नेतो. त्यामुळे हजारो किलोमीटर दूरच्या जोड्या बरोबर आणि जवळची चूक. 'आधी यूटीसी, मग वजाबाकी' हे मीच सप्टेंबरात लिहिलं होतं आणि एका ठिकाणी पायथॉनवर सोडून दिलं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

संपलं असं वाटून धाकट्याने शेवटी मूळची जोडी टाकली. सिंगापूर–न्यूयॉर्क. अंतर १५,३५०. 'जाताना' जास्त, 'येताना' कमी, मधे भरपूर फरक. वेळापत्रकात मात्र दोन्ही दिशांना जवळपास सारख्याच वेळा.

"ताई, आपलं चुकलंय की त्यांचं?"

आपलंच. रेखांशांच्या फरकावरून मी न्यूयॉर्क सिंगापूरच्या 'पश्चिमेला' ठरवलं आणि सगळ्या वाटेवर वारा तोंडावर घेतला. फरक १७७.७७ अंशांचा. अडीच अंशांनी जास्त असता, तर तेच गाव 'पूर्वेला' झालं असतं आणि वारा पाठीशी. मुळात ही वाट पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही. सरळ उत्तरेला चढते आणि ध्रुवाजवळून सरळ दक्षिणेला उतरते. पश्चिमेचा वारा तिला तोंडावर लागत नाही, कुशीवर लागतो.

वाटेचे शंभर तुकडे केले, प्रत्येक तुकड्याची दिशा काढली, त्या दिशेने वाऱ्याचा जेवढा भाग येतो तेवढाच धरला. 'जाताना' आणि 'येताना' एकमेकांना येऊन चिकटले, दोन्ही साडेअठराच्या आसपास.

काकांना फोनवर सांगितलं तेव्हा हसले. म्हणाले, त्या जोडीवर बरेचदा जाताना पॅसिफिकवरून जातात आणि येताना अटलांटिकवरून. दोन्ही वेळा नाक पूर्वेलाच. जगाला पूर्ण प्रदक्षिणा घालून घरी.

राहिलेलं काम : महिन्यानुसार वारा बदलणं. वाट निवडू देणं. गोलावर न्यूयॉर्कची खूण अजून टर्मिनलवर बसली आहे, ती संदर्भबिंदूवर आणायची, हे धाकट्याकडे.